मूठ सोडली की ‘टक्’ वाजलं पाहिजे

वळण जवळ आलं म्हणून मी मोटरसायकलची रेस देणारी मूठ सैल सोडली, पण रेस उतरलीच नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, इंजिनाचा आवाज तसाच चढलेला, आणि मी हात ढिला करूनही मूठ जागच्या जागी. जेमतेम दोन सेकंदांचा प्रकार असेल. क्लच दाबला, तर ओझं सुटल्यामुळे इंजिन आणखीच किंचाळलं. अंगठ्याने किल स्विच, म्हणजे इंजिन तिथल्या तिथे बंद करणारं बटण, दाबला, ब्रेक लावत गाडी कडेला घेतली. उभ्या गाडीवर मूठ हाताने पुढे फिरवली तर मुकाट्याने बंद झाली. पुन्हा उघडून सोडली, तर अर्ध्यापर्यंत आली आणि थबकली.

हे अचानक झालेलं नव्हतं. तीन-चार आठवडे मूठ जड लागत होती. लांब गेलो की उजवं मनगट भरून यायचं. सोडल्यावर मूठ झटकन परतायची ती सावकाश, गाळातून वर आल्यासारखी परतायला लागली होती. दोन आठवड्यांपूर्वी मी एक उपायही केला होता. मुठीजवळचं रबरी टोपण सरकवून केबलच्या तोंडात गंज सोडवणारा फवारा मारला होता. दोन दिवस मूठ इतकी हलकी फिरली की काम झालं असंच वाटलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. तो फवारा पातळ असतो. ओलावा हटवतो, गंज सैल करतो, जुनं चिकट वंगणही विरघळवतो, पण स्वतः फार टिकत नाही. सुटलेली घाण केबलच्या आतच पुढे सरकते, एखाद्या वळणात साठते, आणि द्रव उडून गेला की तिथेच घट्ट बसते. मी दोष काढला नव्हता, खाली ढकलला होता.

सोडल्यावर आपणहून बंद न होणारी मूठ हा ब्रेक न लागण्याइतकाच गंभीर दोष आहे, असं आता माझं ठाम मत आहे. तशी गाडी चालवायची नाही, दोन दिवसांनी बघू म्हणायचं नाही. त्या दिवशी मी गाडी ढकलत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो. इंजिन थंड, चावी काढलेली. सगळ्यात आधी काहीही न उघडता एक तपासणी केली. हँडल सरळ ठेवून मूठ पूर्ण उघडली आणि सोडली. मग हँडल पूर्ण उजवीकडे वळवून तेच केलं, मग पूर्ण डावीकडे. उजवीकडे मूठ बऱ्यापैकी परतत होती, मधोमध थोडी रेंगाळत होती, आणि डावीकडे वळवली की अर्ध्यावर अडकून बसत होती.

या एका गोष्टीत उत्तर जवळजवळ मिळालेलं होतं. रेस अडकायच्या जागा तीन. मूठ हँडलच्या नळीवर जिथे फिरते ती एक, मधली केबल ही दुसरी, आणि इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणाऱ्या कार्बोरेटरवरची, केबल ओढते ती फिरकी ही तिसरी. मूठ किंवा कार्बोरेटर धरत असता, तर हँडल कुठेही वळवलं तरी फरक पडला नसता. हँडल वळवल्याने बदलते ती फक्त केबलची वाट. पण त्या वेळी मी हे इतकं स्पष्ट वाचलं नाही. मुठीपाशी हात सहज पोचतो म्हणून तिथूनच सुरुवात केली. अर्थात तो वेळ वाया गेला असं म्हणणार नाही, कारण तिथेही दोन गोष्टी सापडल्या.

पहिली म्हणजे मुठीचं रबर सरकून बाहेर आलं होतं आणि हँडलच्या टोकाच्या वजनाला घासत होतं. वजनाच्या आतल्या तोंडावर चकचकीत गोल रेघ उमटली होती, तेवढ्यावरून कळलं. रबर मागे घेऊन दोन्हींमध्ये एक-दीड मिलिमीटर फट ठेवली. दुसरी गोष्ट स्विचच्या डबीचे दोन स्क्रू काढल्यावर दिसली. हे स्क्रू मऊ असतात, पेचकस नेमक्या मापाचा घेऊन आधी नीट दाबून मग फिरवला नाही तर त्यांची डोकी खराब होतात. आत मुठीच्या प्लास्टिकच्या नळीवर काळा, दाट लेप होता. कधीतरी भरलेलं ग्रीस आणि त्यात बसलेली धूळ. बोटाने काढून दोन बोटांत चोळलं तर बारीक वाळू कचकचली. नळी साबणाच्या पाण्याने धुतली, हँडलचा दांडा कोरड्या फडक्याने लख्ख पुसला आणि नळी कोरडीच परत सरकवली. केबल न जोडता बोटाने फिरवून पाहिली. निव्वळ तिच्या वजनाने फिरत राहावी इतकी मोकळी झाली होती. म्हणजे मूठ या हिशेबातून सुटली.

मग टाकी उतरवली. पेट्रोलचा कॉक बंद, नळी काढून तिचं तोंड वर बांधलेलं, जागा हवेशीर, जवळपास कुठलीही ज्योत नाही. हे सांगितलंच पाहिजे, कारण नळीत उरलेलं थोडं पेट्रोल हमखास सांडतं.

कार्बोरेटरच्या बाजूला एक छोटी फिरकी असते, तिच्यात केबलच्या टोकाचा मणी अडकवलेला असतो. फिरकी फिरली की आतली पाकळी उघडते आणि इंजिनाला हवा मिळते. फिरकीच्या दांड्यावर एक स्प्रिंग असते. मूठ परत आणणारी ताकद ती तेवढीच. वरच्या टोकाला कुठलीही स्प्रिंग नसते, खालची स्प्रिंगच तार ओढते आणि तार मुठीला ओढून आणते. मी दोन्ही केबल फिरकीतून सोडवल्या आणि फिरकी बोटाने पूर्ण उघडून सोडली. ‘टक्’. खणखणीत, एका झटक्यात. दहा वेळा केलं, दहाही वेळा तोच आवाज. कार्बोरेटरही सुटला. उरली केबल.

माझ्या गाडीला दोन केबल आहेत, एक उघडणारी आणि एक बंद करणारी. अनेक गाड्यांना एकच असते आणि त्यात बंद होण्याचं काम पूर्णपणे स्प्रिंगवर असतं. दोन असल्या की मूठ हाताने उलटी फिरवून पाकळी ओढून बंद करता येते. त्या वळणानंतर मूठ पुढे फिरवताच बंद झाली ती या दुसऱ्या केबलमुळे. पण हात सोडल्यावर परतण्याचं काम इथेही स्प्रिंगचंच, आणि तिला आता एकाऐवजी दोन तारांचं घर्षण ओढावं लागतं. दोहोंतली एक जरी कोरडी पडली तरी मूठ सुस्त होते.

ही रचना जुनी आहे. बाहेर दाबायला दाद न देणारं वेटोळ्याचं आवरण आणि आत ताण सोसणारी बारीक तारांची दोरी, याचं पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली घेतलं. म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात. आवरण जागेवर राहतं, आतली तार सरकते, त्यामुळे ओढ वाकड्या वाटेने नेता येते. सायकलच्या ब्रेकपासून मोटरसायकलच्या क्लचपर्यंत सगळीकडे हेच. पण वाकडी वाट फुकट मिळत नाही. होडीचा दोर खुंट्याला दोन वेढे दिले की एका हाताने होडी धरून ठेवता येते, तसंच केबलच्या प्रत्येक वळणावर तार आवरणाला घट्ट बिलगते आणि ओढ कमी होत जाते. केबल एकूण १८० अंश वळत असेल आणि आत गुळगुळीत असेल, समजा घर्षणाचा गुणांक ०.१, तर स्प्रिंगच्या जोरातला सुमारे ७३ टक्के वर पोचतो. गंज चढून तोच गुणांक ०.३ झाला की पोचतो फक्त ३९ टक्के. स्प्रिंग तीच, वळणं तीच. मला हा हिशेब कळला तेव्हा केबलच्या वाटेकडे बघण्याची माझी नजरच बदलली. तेल घालणं निम्मं काम आहे, उरलेलं निम्मं तिला कमीत कमी आणि मोठ्या गोलाईची वळणं देणं आहे.

आणि नेमकी तिथेच माझी चूक निघाली. टाकीखाली, फ्रेमच्या पुढच्या भागाला केबल धरायला एक क्लिप आहे. दोन्ही केबल तिच्यातून जायच्या ऐवजी तिच्या बाहेरून गेल्या होत्या. वर्षभरापूर्वी एका कामासाठी टाकी मीच उतरवली होती आणि बसवताना केबल कुठून जातात ते पाहिलं नव्हतं. त्यामुळे टाकी ज्या रबरावर टेकते त्याच्या कडेखाली उघडणारी केबल चेपली गेली होती. बोट फिरवल्यावर तिथे गोलाई न लागता सपाट भाग लागला. वरचं काळं प्लास्टिक घासून गेलं होतं, आतलं पोलादी वेटोळं दिसत होतं आणि त्याच्या फटींतून विटकरी गंज बाहेर आला होता. हँडल डावीकडे वळवलं की केबल याच जागी आणखी मुडपत होती. सकाळच्या तपासणीने दाखवलं होतं ते हेच.

तरीही ती लगेच टाकून द्यायचा विचार आला नाही. केबल गाडीतून काढायच्या आधी मात्र एक गोष्ट आठवणीने केली. दोन्हींच्या खालच्या टोकांना लांब सुतळी बांधली आणि मग केबल वरून ओढून घेतल्या. केबल बाहेर आल्या, सुतळ्या त्यांच्या वाटेने आत राहिल्या. उघडणाऱ्या केबलच्या सुतळीला लाल चिकटपट्टी लावली, बंद करणारीच्या सुतळीला पांढरी. शिवाय फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले.

मोकळी केबल दाराच्या कडीला उभी टांगली. प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून केबलच्या वरच्या तोंडावर नरसाळ्यासारखा बसवला, धाग्याने आणि चिकटपट्टीने आवळला आणि त्यात चमचाभर पातळ मशीन ऑइल ओतलं. खाली जुना कागद पसरला. तार हळूहळू वर-खाली करत राहिलो. बराच वेळ काहीच आलं नाही. मग खालच्या तोंडाशी एक थेंब जमला आणि कागदावर पडला. तेल घातलं होतं पारदर्शक, पडलं ते गडद तपकिरी, कडेला काळे कण घेऊन. रात्रभर तशीच टांगून ठेवली. सकाळी कागदावर तळहाताएवढा डाग होता, मधे काळपट आणि कडेला विटकरी. त्यानंतरही चेपलेल्या जागेशी तार खरखरतच होती. दातऱ्यावरून ओढल्यासारखं बोटांना जाणवत होतं.

बंद करणारी केबल मात्र तेलाने चांगली मोकळी झाली. ती तरी वापरावी असं मनात आलं होतं. मग तिच्या उघड्या तारेवरून, मण्यापासून आवरणाच्या तोंडापर्यंत, कापसाचा बोळा फिरवला. मण्यापासून बोटभर अंतरावर कापसाचे धागे अडकले. भिंगाखाली पाहिलं तर तारेच्या पिळातले दोन तंतू तुटून बाहेर वळले होते, डोळ्यांना सहज न दिसणारे, पण नखाला टोचणारे. मुठीच्या खोबणीवरून तार रोज हजार वेळा वाकते ती याच जागी. तुटलेला तंतू आवरणाच्या तोंडात पाचरीसारखा शिरला की तेल कितीही असो, तार अडकणार. एकही तंतू तुटला असेल तर ती केबल संपली, यावर माझ्या मनात आता शंका नाही. तेल फक्त कोरड्या केबलवरचा उपाय आहे. चेपलेल्या, मुडपलेल्या, तंतू सुटलेल्या केबलवर तो उपाय नाही. दोन्ही बदलायच्या ठरवल्या.

नव्या केबल आल्यावर आधी जुन्यांशेजारी सरळ ठेवून जुळवल्या. नुसती पूर्ण लांबी पाहून भागत नाही. आवरणाची लांबी, आणि आवरणाबाहेर तार किती राहते, ही दोन्ही मापं जुळली पाहिजेत, नाहीतर समायोजनाचा नट कितीही फिरवला तरी ती बसत नाही. मण्यांचे आकारही पाहिले. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की आत गुळगुळीत अस्तर आहे, तेल किंवा ग्रीस घालू नये. हल्लीच्या बऱ्याच केबल अशाच येतात. सवयीने त्यात घट्ट ग्रीस भरलं तर तार उलट जड होते आणि धूळ धरते. मी फक्त टोकांच्या मण्यांना, ते जिथे खोबणीत फिरतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं.

सुतळीच्या वरच्या टोकाला नवी केबल बांधली आणि खालून हलकेच ओढत नेली. क्लिपपाशी आल्यावर थांबून या वेळी ती क्लिपच्या आतून घेतली. खालच्या फिरकीत मणी बसवणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं पाऊल. जागा इतकी अरुंद की दोनच बोटं जातात, आणि मणी खोबणीत शिरायच्या आत स्प्रिंग फिरकी ओढून घेते. चार-पाचदा निसटल्यावर लांब नाकाच्या पकडीने तार धरायचा मोह झाला, पण तो आवरला. पकडीच्या दातांनी तंतू चेपले तर पुढची मोडतोड तिथूनच सुरू होते. फिरकी एका हाताने उघडून धरली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मणी आडवा सरकवला, आणि बसला. वरच्या बाजूचं काम त्यामानाने सोपं गेलं. डबी मिटवताना केबल तिच्या कडेत चेपत नाही ना, एवढं पाहिलं.

आता प्ले. मूठ फिरवायला लागल्यापासून पाकळी हलायला लागेपर्यंत मुठीच्या कडेवर थोडी मोकळी जागा असावी लागते. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत ती २ ते ६ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. दोन केबल असताना आधी दोन्हींचे नट पूर्ण ढिले केले. मग मूठ बंद ठेवून बंद करणाऱ्या केबलमधला झोल संपेल इतकंच तिला आवळलं आणि तो नट जागेवर धरून ठेवणारा लॉकनट कसला. त्यानंतर उघडणारी केबल आवळत आणली. मुठीच्या कडेवर आणि डबीवर पेनने एकेक रेघ ओढली होती, त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजत ३ मिलिमीटरवर थांबलो.

टाकी बसवायच्या आधी आणि बसवल्यानंतर, दोन्ही वेळा तीच तपासणी. हँडल मधोमध, टक्. उजवीकडे, टक्. डावीकडे, टक्. मला वाटलं, झालं. नळी जोडली, कॉक उघडला, गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं त्या संथ वेगावर, सोडली आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं. पूर्ण डावीकडे नेताच रेस आपोआप चढली. मूठ मी धरलेलीसुद्धा नव्हती.

लगेच बंद केली. केबल मोकळी होती पण तिला हँडलबरोबर वळायला पुरेशी सैल लांबी नव्हती. हेडलाइटच्या मागे मी ती ब्रेकच्या नळीच्या चुकीच्या बाजूने घेतली होती, त्यामुळे हँडल डावीकडे गेलं की आवरण ताणलं जाऊन सगळा प्ले खाल्ला जात होता. अशी गाडी घेऊन मी वळणावर गेलो असतो तर हँडल वळताच तिने स्वतःच वेग घेतला असता. जुने फोटो काढून पाहिले, केबल पलीकडून घेतली, हेडलाइटमागे मोठी सैल गोलाई सोडली. पुन्हा सुरू करून तीन वेळा हँडल दोन्ही टोकांना नेलं. स्लो जराही हलला नाही. किल स्विच दाबून तोही चालतो हे पाहून घेतलं, कारण त्या दिवशी तो चालला म्हणून मी धड उतरलो होतो.

पहिली फेरी मोकळ्या जागेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मारली. सगळ्यात आधी जाणवला तो हलकेपणा. इतके आठवडे मी किती जोर लावत होतो हे त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं, कारण मूठ रोज थोडी-थोडी जड होत गेली होती आणि हात तितकाच सरावत गेला होता. पहिली दहा मिनिटं मी गरजेपेक्षा जास्त रेस देत होतो, हाताला नवं माप शिकायला तेवढा वेळ लागला.

दोन आठवड्यांनी पुन्हा पट्टी लावली. नवी केबल थोडी बसते, त्यामुळे प्ले ३ वरून ४ मिलिमीटरच्या जवळ गेला होता. नट अर्धा फेरा फिरवून परत ३ वर आणला. आता गाडी काढताना चावी लावायच्या आधी हँडल डावीकडे घेतो, मूठ पूर्ण उघडतो आणि सोडतो. टक् ऐकू आलं की मगच हेल्मेट घालतो.